आहात की आहोत

हॉस्पिटलच्या फोनवर आपल्याला ताटकळत ठेवणारी बाई आपणच आहोत, हे कळायला तिला तीन वाक्यं लागली. पहिल्या वाक्याला तिने, सगळे करतात तसा, फोन कानापासून जरा लांब धरून कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या वाक्याला 'कुठून शोधून आणतात या साखरेत घोळलेल्या बाया' असं मनातल्या मनात म्हणून झालं. तिसरं वाक्य होतं, 'आपण रांगेत आहात, कृपया फोन चालू ठेवा,' आणि त्यातल्या 'कृपया'च्या आधी जो इवलासा श्वास अडला तो तिने ओळखला. अडलेला श्वास माणसाला बरोबर ओळखू येतो. त्या दिवशी तिला सर्दी होती. स्टुडिओवाल्याने एका दुपारात तिच्याकडून असली साठ-सत्तर वाक्यं करून घेतली होती आणि मग धान्य मापावं तशी ती मापून कुणाकुणाला विकली होती: गॅसवाल्यांना, वीजवाल्यांना, बँकांना, आणि आता कळत होतं की एका हॉस्पिटललाही. शहरभर तिचा आवाज लोकांच्या कानात होता आणि तोंड कुणालाच माहीत नव्हतं. तिशीतली ती बया आता साठीतल्या बाईला थांबवत होती, आणि थांबवताना वर हसत होती. हसायचंच असे. हसू फोनमधून ऐकू जातं, असं स्टुडिओवाला सांगायचा, आणि ती रिकाम्या, कोंदट खोलीत कापूस लावलेल्या भिंतीकडे बघून तासन्‌तास हसत असे. आता तिच्या तोंडात फोड आले होते, घसा बसला होता, आणि हॅलो म्हटलं तरी पलीकडचा माणूस 'बोला काका' म्हणायचा. मत्सर वाटायला हवा होता. पण तिला वाटला तो अभिमान. पोरगी काय स्वच्छ बोलत होती! 'ळ' म्हणजे कसा, अगदी घासून पुसून ठेवलेला.

ती रांगेत होती ती चौथ्या डोससाठी. डाव्या बाजूची गाठ काढून झाली होती, तीन डोस झाले होते, केस गेले होते, आणि चौथा ठरल्या दिवशी घ्यायचा तर साथीमुळे केमोचा विभागच बंद झाला. तिथल्याच कुणाला तरी लागण झाली, म्हणून सगळं धुऊन काढताहेत, कळवतो, असं सांगून त्यांनी फोन ठेवला होता तो ठेवलाच. तिला घाई होती असं नाही. डोस म्हणजे काही लग्नाचं आमंत्रण नव्हे, हुकलं तर चुटपुट लागावी असं. पण अलीकडे ती सकाळी उठली की आधी काखेत हात घालून चाचपायची, आणि काही लागलं नाही की तिला जास्तच भीती वाटायची. शहर बंद होतं, दुकानं बंद होती, शाळा बंद होत्या; आत जे काही उरलंसुरलं असेल त्याला मात्र टाळेबंदीचा हुकूम कुणी वाचून दाखवला नव्हता. ते आपलं निवांत हिंडत असणार. त्याला पास लागत नव्हता.

तसं पाहिलं तर या साथीत ती सगळ्यांना सीनियर होती. पहिल्या डोसनंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंडाला मास्क लावा, गर्दीत जाऊ नका, हात धूत राहा, कच्चं काही खाऊ नका, घरी कुणाला बोलावू नका. तेव्हा ती मास्क लावून जिन्यात निघाली की लोक भिंतीला चिकटायचे आणि लहान मुलं टक लावून बघायची. मग काही आठवड्यांनी सगळं जगच तिच्या वर्गात दाखल झालं, उशिरा आलेल्या विद्यार्थ्यांसारखं, धापा टाकत आणि सगळं चुकवत. नाक बाहेर ठेवून मास्क लावणारी माणसं बघून तिला हसू यायचं. तिला वाटायचं, खिडकीत उभं राहावं आणि जुन्या आवाजात सांगावं: मास्क नाकावर घेण्यासाठी एक दाबा. पण या बढतीबरोबर एक पदावनतीही झाली होती, ती तिच्या उशिरा लक्षात आली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी आधी दर दोन दिवसांनी यायच्या, मान एका बाजूला कलती करून बसायच्या, आणि 'धीर धरा हो' असं इतक्यांदा म्हणायच्या की शेवटी हिलाच त्यांना धीर द्यावा लागे. आता त्या जिन्याच्या खालच्या वळणावरून ओरडून चौकशी करत.

"ताप-बीप नाही ना?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"वास येतो ना नाकाला?"

"येतो. तुमचं काहीतरी करपतंय."

"अगं बाई! पण मग काही नाही ना तुम्हाला. फक्त कॅन्सर!" असं म्हणत त्या गॅस बंद करायला पळाल्या.

ती खूप हसली होती. मोजणीसाहेबांना तिने हे नक्कल करून सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं, मुलगी तिकडे दुसऱ्या शहरात डोळे पुसेपर्यंत हसली. मग आंघोळीला गेल्यावर, टकलावरून पाणी ओतताना, तिला एकदम वाटलं की आपल्याजवळ एकच मोठी गोष्ट होती आणि तिचीही किंमत उतरली. आता तिच्या डोक्याला हात लावून कुणी बघणार नव्हतं. कुणी मान कलती करणार नव्हतं. त्या मानेचा तिला किती राग यायचा, आणि आता ती मानसुद्धा हवीशी वाटत होती.

मोजणीसाहेब म्हणजे तिचा नवरा. आयुष्यभर सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या, निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, आणि मग ही साथ आली. एका सकाळी ती उठून बाहेर आली तर घरभर खडूच्या रेघा. तिची खुर्ची, त्याची खुर्ची, मधे दोन मीटर. स्वयंपाकघरात उभं राहायची जागा. बेसिनपाशी कुणी कुणाला वाट द्यायची त्याचा बाण. "तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे," तो टेप गुंडाळत म्हणाला, "आणि मी दूध आणायला बाहेर जातो. म्हणजे धोका मी आहे. धोक्याने हद्दीत राहावं." रोजचं वर्तमानपत्र तो इस्त्री करून तिला द्यायचा. बातम्या गरम असत आणि घडीवर असत. रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपे. तिला हे सगळं पटत होतं आणि त्याचं तिला कौतुकही होतं, पण हल्ली कधी कधी ती उगाच चमचा खाली पाडायची. तो उचलायला रेघ ओलांडून येतो का बघायला. तो चिमटा घेऊन यायचा.

"बोला," फोनमध्ये अचानक खरा माणूस आला. "पेशंट आपण का?"

"हो. म्हणजे मी. आपलं मला माहीत नाही."

माणूस हसला नाही. त्याने तिला डॉक्टरांकडे जोडून दिलं, आणि तेवढ्या वेळात पुन्हा तिचाच आवाज लागला: आपण रांगेत आहात. या 'आपण'वरून तिची पूर्वी एकदा फजिती झाली होती. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी ती पहाटेपासून रांगेत उभी राहून तशीच स्टुडिओत गेली होती, पाय दुखत होते, नाक चोंदलेलं होतं, आणि कागदावर स्वच्छ 'आहात' लिहिलेलं असताना ती बोलून गेली, 'आपण रांगेत आहोत.' काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढले. "बाई, आपण कशाला रांगेत? रांगेत लोक. तुम्ही आवाज. आवाजाला रांग नसते." मग पुन्हा. पुन्हा 'आहोत'. जीभ ऐकेना. तिसऱ्या वेळेला त्याने कागदावर 'हात' एवढं लाल पेनाने गोल केलं आणि काचेवर चिकटवलं, आणि ती त्या लाल हाताकडे बघून बरोबर बोलली. तेव्हापासून 'आपण' या शब्दाकडे तिचं बारीक लक्ष असे. भाषेत इतका लबाड शब्द दुसरा नाही. 'आम्ही' म्हटलं की समोरच्याला दाराबाहेर उभं करता येतं, हे सरळ तरी आहे. 'आपण' म्हटलं की तो आत आलाय की अदबीने बाहेरच बसवलाय, हे त्यालाही कळत नाही. सगळं शेवटच्या शब्दावर. आणि डॉक्टर लोकांच्या शेवटच्या शब्दाचाही भरवसा नाही. 'आपण गाठ काढून टाकू.' काढली तिची. 'आपण डोस सुरू करू.' सुरू तिला. 'आपले केस जातील,' असं ते म्हणाले तेव्हा तिने त्यांच्या दाट काळ्या केसांकडे नीट बघून घेतलं होतं. नंतर प्रत्येक भेटीत ती बघायची. ते कुठेही गेले नव्हते.

"हं, तर आपण काय करायचं, हा प्रश्न आहे," डॉक्टर आता फोनवर म्हणाले. ते दमलेले वाटत होते. विभाग सुरू झाला होता, पण निम्म्याच खुर्च्या. आलात तर लागण होण्याचा धोका, डोसनंतर पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात त्यामुळे जास्तच. नाही आलात तर आजाराला मोकळीक मिळण्याचा धोका. "आपल्याला दोन्हीकडून विचार करायला हवा."

"डॉक्टर, एक विचारू? या 'आपण'मध्ये कोण कोण आहे?"

पलीकडे मागे कुठेतरी एक यंत्र टुक टुक वाजत होतं.

"सुई तुम्हालाच," डॉक्टर सावकाश म्हणाले. "ते मी नाकारत नाही. पण तुम्ही उद्या आजारी पडलात तर झोप माझीही जाते. म्हणून म्हणतो आपण. सवय आहे. चुकीची असेल."

"चुकीची नाही. मला फक्त यादीत नावं किती ते हवं होतं. तुमचं मत काय?"

"थांबू नये, असं माझं मत. तुमच्या गाठीचा प्रकार बघता थांबू नये. पण एकटीने यावं लागेल. नातेवाइकांना गेटच्या आत घेत नाही. आणि निर्णय तुमचा. तिथे मी आपण म्हणणार नाही."

फोन स्पीकरवर होता. मोजणीसाहेब आपल्या रेघेच्या आत, खुर्चीच्या कडेवर बसून सगळं ऐकत होता. तिने फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आपण थांबू." संध्याकाळी मुलीचा फोन आला, छोट्या पडद्यावर तिचं मोठं कपाळ, आणि तीही म्हणाली, "आई, आपण थांबूया ना गं. थोडं निवळू दे." लहानपणी हीच पोरगी आईच्या आवाजाची नक्कल करत घरभर फिरायची: 'लाडासाठी एक दाबा, रागासाठी दोन दाबा, बाबांशी बोलण्यासाठी प्रतीक्षा करा.' आता तीही आपण म्हणायला शिकली होती. 'आपण' फार झाले होते. खुर्चीत मात्र एकच मावणार होती.

"मी जाणार आहे," ती म्हणाली.

"एकटी?" मोजणीसाहेब उभा राहिला. "तुला लिफ्टचं बटण दाबायची भीती वाटते."

"हल्ली कुणीच दाबत नाही. कोपराने ढकलतात."

"आणि चक्कर आली तर?"

"खाली बसेन."

"कुठे बसशील?"

"जिथे येईल तिथे. त्यालाच चक्कर म्हणतात."

"चेष्टा नको. मी दोन्ही धोके मोजून बघितलेत. इकडचा—"

"तुम्ही जमिनी मोजा हो," ती म्हणाली, आणि ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात लागलं. तो खाली बसला. मग बराच वेळ टेपची पट्टी बाहेर ओढत आणि आत सोडत राहिला. बाहेर, आत. बाहेर, आत. तिला सांगता आलं असतं की मला भीती वाटते. पहिल्या डोसला तो तिच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता. हातात सुई, म्हणून त्याने तिचा पाय धरला होता आणि तळव्यावरून अंगठा फिरवत, न थांबता, तो कुठल्या तरी दोन भावांची गोष्ट सांगत राहिला. बांध हातभर सरकला की सरकवला यावरून ते म्हातारे होईपर्यंत भांडले. इतकी कंटाळवाणी गोष्ट तिने जन्मात ऐकली नव्हती. दुसऱ्या डोसला तीच. तिसऱ्याला तीच. औषध नसेत शिरताना जो गार धागा खांद्यापर्यंत चढतो तो ती त्या बांधावरून चालत चालत पार करायची. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं तिला गोष्ट आवडते. आता ती बांधाशिवाय जाणार होती, आणि एकटीने मला हे जमेल का, की मी अर्ध्या वाटेत सुई उपटून पळेन, हा प्रश्न तिला सोडत नव्हता. पण थांबायचं म्हणजे रोज सकाळी काखेत हात. तिने आयुष्यभर इतकी माणसं थांबवली होती की थांबण्यात काही अर्थ असता तर तो तिला कळला असता.

जायच्या दिवशी त्याने न बोलता जुनी गाडी काढली आणि तिला मागच्या सीटवर, आपल्या विरुद्ध कोपऱ्यात बसवलं. तिरकं अंतर जास्त भरतं म्हणून. रस्ते इतके रिकामे होते की सिग्नल स्वतःशीच खेळल्यासारखे रंग बदलत होते. गेटपाशी पहारेकऱ्याने तिच्या कपाळावर तापमापकाचं पिस्तूल रोखलं. "तुम्ही आत नाही साहेब," तो मोजणीसाहेबांना म्हणाला. तिने वळून पाहिलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण मास्क फक्त एकदा आत ओढला गेला आणि बाहेर आला. मग ती निघाली. लिफ्टचं बटण तिने कोपराने ढकललं, दार मिटलं, आणि आरशात एक टकली, डोळ्यांना काजळ लावलेली बाई तिच्याकडे जरा उद्धटपणे बघत होती. बरी दिसतेस, ती तिला म्हणाली.

केमोच्या खोलीत पूर्वी बाजार असे. प्रत्येक खुर्चीमागे एकेक नातेवाईक, डबे, पिशव्या, कुणाची तरी आत्या जी सगळ्यांना सगळं विचारायची. आता खुर्च्यांवर एकाआड एक पट्टीची फुली, आणि उरलेल्यांत माणसं अशी बसलेली की जणू एकमेकांना ओळखण्याचीही बंदी आहे. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकजण बोलणारा माणूस गेटबाहेर ठेवून आला होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात बांधलेली सिस्टर आली. आत कोण हे ओळखता यावं म्हणून पोशाखाच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सिस्टर'. तिने रक्त घेतलं. पेशी पुरेशा भरल्या तर डोस, नाहीतर परत घरी. रिपोर्ट येईपर्यंत बसायचं. ती बसली. समोरच्या भिंतीवर हसऱ्या सूर्याचं चित्र होतं, आणि त्या सूर्यालाही कुणीतरी निळा मास्क चिकटवला होता. शांतता अंगावर येत होती. कापूस लावलेल्या खोलीची शांतता तिला सवयीची, पण तिथे हसायचं असे. इथे कुणासाठी हसणार?

पलीकडच्या खुर्चीतला दांडगा माणूस उठून उभा राहिला. गळ्यात त्याने सवयीने शिंप्याची टेप तशीच ठेवली होती, ती काढायची विसरला असावा.

"मी जातो," तो म्हणाला.

"काका, बसा. रिपोर्ट येतोय," सिस्टर म्हणाली.

"सकाळपासून येतोय. पायी निघालाय का तो?"

"पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मी बघितली. मी जातो." आणि मग, आवाज एकदम खाली येऊन, "दर वेळी बायको असते बरोबर. ती म्हणते बस, मी बसतो. आज कोण म्हणणार?"

सिस्टर पांढऱ्या पोशाखात नुसती उभी राहिली, काचेच्या पट्टीमागे तिचे डोळे आदल्या दिवसापासून उघडे असल्यासारखे. शिंपीकाकांनी पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. दाराकडे जाणारा माणूस बघून आणखी एक बाई खुर्चीत पुढे सरकून बसली. आणि हिच्या लक्षात आलं की आपलेही पाय जमिनीवर टेकलेत, चपला चाचपताहेत. तिने तोंड उघडलं ते त्यांना थांबवायला की स्वतःला, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

"आपण रांगेत आहोत," ती म्हणाली. "...कृपया बसून राहा."

चूक झालीच. इतक्या वर्षांनी पुन्हा तीच. पण काचेपलीकडे कुणी हेडफोन काढले नाहीत. खोलीतली सगळी डोकी, टकली, रुमाल बांधलेली, टोपी घातलेली, तिच्याकडे वळली.

"अगं बाई," कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, "ही ती!"

"कोण ती?"

"फोनमधली! गॅसवाल्यांच्या फोनमधली."

"आजी, माझा आवाज बसलाय," ती म्हणाली. "तो कसला ओळखताय."

"आवाज कुठे राहिलाय तुमचा? पत्र्यावर खरवडल्यासारखा झालाय. 'कृपया' म्हणायच्या आधी अडखळता ना, त्यावरून. पाऊण तास ऐकलंय मी ते, सिलिंडर संपला होता."

मग खोलीला कंठ फुटला. इतक्या वेळात साठलेलं सगळं तिच्यावर आलं. विजेच्या फोनवर तुम्हीच ना? मी तीन वेळा पाच दाबलं, तरी तुम्ही म्हणे चुकीचा पर्याय. बँकेच्या फोनवर तुम्ही मला इतकं थांबवलंत की माझी भाजी जळली. एक गृहस्थ खुर्चीत सरळ होऊन म्हणाले, "तुम्ही मला सतत सांगत होतात की माझा कॉल तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

"मग होता का?" शिंपीकाकांनी दारातून विचारलं.

तिने विचार केला. "खरं सांगू? मला कुणाचाच कॉल आला नाही. मी भिंतीशी बोलत होते."

सगळे हसले. मास्कमधलं हसू विचित्र असतं. कापड फुगतं आणि आत ओढलं जातं, खोलीभर पिशव्या श्वास घेताहेत असं वाटतं. सिस्टरच्या काचेवर धुकं आलं.

"मला तक्रार करायचीय," शिंपीकाका म्हणाले. "कितीवर दाबू?"

"तक्रारीसाठी आधी खुर्चीत बसावं लागतं."

ते बसले. टेप त्यांच्या लक्षात आली, ती त्यांनी गळ्यातून काढून नीट गुंडाळली. "आमच्या घरी हे असंच चालतं," ते कुणालाही न उद्देशून म्हणाले. ती बाई, जी पुढे सरकली होती, मागे टेकून बसली. आणि हिचे स्वतःचे पाय पुन्हा पायटेकूवर गेले, न सांगता. एवढे लोक इतकी वर्षं तिच्यावर चिडून होते आणि तिला पत्ताच नव्हता. तिला असं भरून आलं, जसं दुसऱ्या कुणाला हारतुरे बघून येत असेल. ते सगळे खरे होते. त्यांना सिलिंडर लागत होते. त्यांची भाजी जळली होती.

रिपोर्ट आला. "पेशी चांगल्या आहेत तुमच्या," सिस्टर म्हणाली, आणि ती मनाशी फुगली. दिवसेंदिवस तोंडातल्या फोडांवरून तिने गिळलेला एकेक घास त्यात होता. पोर पहिलं आल्यावर आईबाप शेजाऱ्यांना मार्क सांगत फिरतात तसं तिला फिरावंसं वाटलं. मग नस शोधायला सुरुवात झाली. डोस घेऊन घेऊन नसाही शहाण्या होतात, सुई दिसली की बुडी मारतात. सिस्टरने दंडावर पट्टा बांधला, टिचक्या मारल्या, एकदा टोचलं, हुकलं. "सॉरी हं. पुन्हा बघू. आपण जरा मूठ आवळू."

आलं 'आपण', असं मनात येऊन तिने मूठ आवळली. आणि सहज खाली पाहिलं. सिस्टरच्या दुसऱ्या हाताचीही मूठ आवळलेली होती. दोन दोन हातमोज्यांच्या आत, घट्ट, रबराला सुरकुत्या पडेपर्यंत. तिला स्वतःला ते माहीत नसावं. सुई आत गेली, नळीत लाल ठिपका आला, आणि सिस्टर म्हणाली, "झालं. सोडा." दोन मुठी सुटल्या. शेवटच्या शब्दाची वाट न बघता कळावं असं काहीतरी घडलं होतं, आणि त्यावर बोललं असतं तर ते पुन्हा व्याकरण झालं असतं.

गार धागा मनगटातून वर चढू लागला. कोपरापर्यंत आला तसा तिचा श्वास आखूड झाला. पायाचा तळवा रिकामा होता.

"बाई, बोला की काहीतरी," शिंपीकाका म्हणाले. त्यांनाही लावलं होतं. ते छताकडे बघत होते. "पाठ केलेलं नको पण."

पाठ न केलेलं असं तिच्याजवळ काही नव्हतं. आयुष्यभर तिला कुणी ना कुणी कागद दिला होता. म्हणून तिने ते दोन भाऊ काढले. बांध हातभर सरकला की सरकवला. तिने ती गोष्ट मोजणीसाहेबांपेक्षाही वाईट सांगितली. थोरल्याला धाकटं केलं, मधेच एक विहीर घातली जी मूळ गोष्टीत नव्हती, साक्षीदार विसरली, मग तो मेला असं सांगून टाकलं. घसा खरवडत होता. पण खोली ऐकत होती. आजींनी थोरल्याची बाजू घेतली. 'महत्त्वाच्या कॉल'वाले गृहस्थ म्हणाले, दगड रात्रीत हलत नसतो, धाकटाच चोर. शिंपीकाकांनी अर्धा हात इकडे तिकडे झाल्याशिवाय जगात काही शिवलंच जात नाही असं मत दिलं. वाद पेटला. धागा खांद्यावरून केव्हा गेला ते तिला कळलं नाही.

"मग शेवटी हद्द कुणाची निघाली?" आजींनी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. त्याच जागी तिला दर वेळी डुलकी लागायची. "पुढच्या वेळी सांगते," ती म्हणाली, आणि जिथे पुढच्या वेळेचं नाव काढलेलं कुणाला आवडत नसे अशा त्या खोलीत आजींनी मान डोलावली.

खाली आली तेव्हा उन्हं कलली होती. तोंडात लोखंडाची चव होती. गेटच्या अलीकडे एक रुंद खांब होता, तिथे हात टेकून ती क्षणभर दम खायला थांबली. पलीकडून पहारेकऱ्याचा आवाज आला.

"...घरी जा म्हटलं तर ऐकत नाही तुम्ही. गाडीत तरी बसा. सकाळपासून उभे आहात."

"ती आत आहे ना," मोजणीसाहेब म्हणत होता. त्याला तिची पाठही दिसत नव्हती. "एकटी गेलीय."

"एकट्याच जातात साहेब सगळ्या."

"तसं नाही. तुम्हाला कल्पना नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा. मुलगी म्हणाली, थांबा. ही म्हणाली, बिलकुल थांबणार नाही. डॉक्टरांना असं झापलं तिने फोनवर, असं झापलं, त्यांचा आवाज बंद. मी समोर होतो. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, जा तू, कशाला घाबरतेस."

यातलं निम्मंसुद्धा खरं नव्हतं.

"आणि लिफ्ट," तो पुढे म्हणाला, "लिफ्टसुद्धा स्वतः चालवली असेल तिने."

"काय सांगता," पहारेकरी म्हणाला.

तिला बसायला हवं होतं. चक्कर अगदी तोंडाशी येऊन उभी होती, आणि दहा पावलांवर गाडी होती. पण तिने खांबाला पाठ टेकवली, डोळे मिटले आणि कान तेवढे उघडे ठेवले. तो आता कुठे रंगात आला होता.